सुभीला आणायला काळ्या वाळूच्या गावी

चिंचोक्याची खळ गिरजानं शिजवली आणि ताण्याला आम्ही नवराबायकोनं मिळून लावली. घोंगडी विणायच्या आधी लोकरीचं सूत अंगणात खुंट्यांना ताणून त्याला ही खळ पाजावी लागते, म्हणजे सूत तुटत नाही. ती एका अंगानं, मी दुसऱ्या अंगानं, दोघांच्या हातात कुंचा. ती म्हणाली, "हात हलका ठिवा. भिंत सारवून राहिले का?"

"तुह्यापरीस बरी सारवतो," मी म्हणलं.

ती हसली आणि खळीचा हात माझ्याच सदऱ्याला पुसला. बस. दुपारी तिच्या छातीत कळ आली आणि जीप हिंगोलीला पोचायच्या आधीच ती गेली.

घोंगडी पुढं मी एकट्यानं विणली. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, माझं लिहिणं बोलण्यासारखंच असणार. पण केरळाहून आल्यापासून आमच्या साखऱ्यातला जो तो वाटेत गाठून विचारतो, समुद्र कसा असतो, ती वाळू कशी असते, पोरीला काहून आणलं नाही. एकेकाला सांगून तोंड दुखलं. म्हणून लिहून काढलं.

साखरा

आमची सुभद्रा एकुलती एक. हिंगोलीच्या कॉलेजात बी.एस्सी. झाली आणि परीक्षा देऊन केरळात समुद्रकाठच्या एका कारखान्यात लागली, तपासणीच्या खोलीत. तिथली वाळू काळी आहे. त्या वाळूतून थोरियम नावाची चीज निघते, आणि पुढंमागं अणुभट्टीत युरेनियमच्या जागी तिच्यावर वीज करायची असा बेत आहे. एवढं सुभीनं आम्हाला समजावलं होतं. गावाला मात्र एकच समजलं, अणू. अणू म्हणलं की लोकांना बॉम्बच आठवतो. चावडीवर बोलणं सुरू झालं, त्या वाळूत काम करणाऱ्या बाईची कूस उजवत नाही. गिरजा होती तोवर ती भांडायची. ती गेली आणि भांडणारं कोणी राहिलं नाही.

तेराव्याला सुभी आली आणि सुट्टी संपली तशी गेली. तिची पाठ वळते न वळते तोच माझा धाकटा भाऊ हरबा सोयरीक घेऊन आला. पुसेगावचे मारोतराव. मेंढरं भरपूर, विहिरीला पाणी, पोरगं जीप चालवतं. त्यांची अट एकच होती, पोरीनं ती नोकरी सोडून लगोलग घरी यावं.

"दादा, असं घर पुन्ना येणार न्हाई," हरबा म्हणाला. "आन् त्या इखारात पोरगी किती दिवस ठिवतो?"

मी शब्द दिला. वाळूचं भ्या होतंच, पण खरं सांगायचं तर घर खायला उठत होतं. पोरगी पुसेगावला आली तर सकाळी मेंढरं तिकडं वळवायची, दुपारी तिच्या हातचं पाणी पिऊन परत यायचं. एवढाच माझा विचार. फोनवर सांगितलं असतं तर तिनं मला गुंडाळून ठेवलं असतं. म्हणून मी स्वतःच निघालो. नेसत्या कपड्यानिशी म्हणा ना. एक पिशवी, भाकरीचं गाठोडं, ठेचा, आणि खांद्यावर नवी घोंगडी.

सिकंदराबाद

हिंगोलीहून छोट्या लाईनची गाडी आणि मग पूर्णेला बदली. त्या गाडीचं वर्णन करण्यासारखं काही नाही, बैलगाडीला रूळ लावले की ती तयार होते.

सिकंदराबादेत दिवस काढायचा होता. तिथं मला परकं वाटलं नाही. आमचे वडील निजामाच्या राज्यात वाढले, त्यांच्या तोंडात अर्धी बोली इथलीच होती. चहावाल्या बाबानं घोंगडीला हात लावून विचारलं, "बेचते क्या?"

"बीबी के हात का सूत है," मी म्हणलं. "बेचते नै."

"बीबी किधर है?"

मी वर बोट केलं. त्यानं कपात पुन्हा चहा ओतला आणि गिऱ्हाईक सोडून माझ्याजवळ बसून राहिला. आपल्याकडं असं झालं की लोक लगेच कसं झालं, काय झालं, कोणता डॉक्टर होता ते विचारतात. त्यानं काही विचारलं नाही. मला ते बरं वाटलं.

पुढच्या गाडीत समोर एक तेलंगी जोडपं होतं. त्यांनी चिंचेचा भात दिला, मी भाकरी आणि ठेचा दिला. बाईनं मजेत खाल्ला. नवऱ्यानं एक घास खाल्ला आणि दरवाजात जाऊन वारा घेत उभा राहिला. बाई इतकी हसली की बाकीचा डबा आमच्याकडं वळून पाहू लागला.

सकाळी डोळे उघडले तर जमीनच दिसेना. नुसती झाडं, आणि झाडांच्या मधे पाणी. आपल्याकडं नजर टाकली की सरळ दुसऱ्या गावाच्या देवळापर्यंत जाते. इथं नजर पहिल्याच नारळाला धडकते. मला पहिला विचार आला तो हा, की मेंढरू चारावं तर कुठं?

वाळूचं गाव

सुभी ठेसनावर आली होती. माझ्या पाया पडली, पिशवी घेतली. घोंगडीच्या काठाला हात लावून तिनं सूत बोटात धरलं आणि सोडून दिलं. आईचं, घराचं काही बोलली नाही. मीही नाही बोललो. आम्ही दोघं एकाच मातीचे.

ती एका कोळिणीच्या घरी खोली घेऊन राहते. म्हातारीला सगळे अम्मा म्हणतात. मोठी ठसठशीत बाई, कानात जड सोनं, आवाज असा की समुद्रातल्या होडीला घरातून हाक मारावी. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची. तिनं मला तांब्या भरून पाणी दिलं. पाणी गुलाबी! मी तांब्या खाली ठेवला. म्हणलं झालं, वाळू पाण्यातसुद्धा उतरली.

"आबा, ते लाकडाची साल घालून उकळलेलं पाणी हाय," सुभी म्हणाली. "इथं समदे असंच पितेत."

"रंगाचं पाणी आपल्याकडं शिमग्याला अंगावर टाकतेत."

सुभीनं हे अम्माला सांगितलं. अम्मानं तांब्या उचलला, माझ्यासमोर सगळं पाणी घटाघटा पिऊन टाकलं आणि रिकामा तांब्या माझ्या हातात दिला. मग मी मुकाट्यानं प्यालो. चांगलं लागलं.

जेवायला जाड लाल भात, हाताच्या बोटाएवढं एकेक शीत. माशाचं कालवण खोबरेल तेलातलं. आपण खोबरेल डोक्याला लावतो, हे लोक ते खातात आणि डोक्यालाही लावतात. कयाधू नदीचे मासे मी खाल्लेत, पण समुद्राचा मासा म्हणजे मासाच, त्याला मसाला लागत नाही. नळीत वाफवलेला पिठाचा एक प्रकार मिळाला, दिसायला दिवाळीच्या भुईनळ्यासारखा. तो मात्र घशाखाली उतरवायला तांब्याभर गुलाबी पाणी लागलं. भाकरी नाही म्हणजे नाही. चौथ्या जेवणाला मी अम्माच्या चुलीपुढं बसून तांदळाच्या पिठाची भाकरी थापून दाखवली. पुरुष भाकरी थापतो हे बघायला शेजारच्या चार बाया आल्या. मेंढरांमागं हिंडणाऱ्याला सगळं यावं लागतं, हे मी त्यांना हातवारे करून सांगितलं. त्यांना ते कळलं की नाही, देव जाणे. भाकरी मात्र राहिली नाही.

संध्याकाळी समुद्र पाहिला. समुद्राबद्दल मी जास्ती लिहीत नाही. तो मोठा आहे आणि एका जागी बसत नाही, एवढंच. मी पाहत राहिलो ती वाळू. आपली काळी माती पायाला धरते, वहाण काढून घेते. ही वाळू काळी खरी, पण कोरडी आणि चमकणारी, मुठीत घेतली तर दगडासारखी जड. तिच्यावर कोळ्यांची घरं, घरांपुढं जाळी, जाळ्यांत पोरांचा गोंधळ. एवढी पोरं की मोजायला धनगरच लागावा. चावडीवरची ती गोष्ट मला आठवली. ह्या बायांना ती कुणी सांगितलेली दिसत नव्हती.

खोलीत उकाडा फार. मी माझ्या सवयीनं घोंगडी वाळूवर अंथरली आणि झोपलो. जिथं थांबलो तिथं घोंगडी टाकायची, जन्मभर हेच केलं. ह्याच सवयीनं दुसऱ्या दिवशी घोटाळा केला.

फाटकावर

सुभीनं साहेबांची परवानगी काढून मला कारखाना दाखवला. मोठे साहेब तमिळ, माझ्या हिंदीपेक्षा त्यांची हिंदी वाईट, त्यामुळं आमचं चांगलं जमलं. यंत्रं मी लांबूनच पाहिली. वाळू वरून पडते, लोहचुंबकाच्या रुळाजवळून जाते, काही कण ओढले जातात, काही सरळ पडतात. आपण खळ्यावर वाऱ्यात दाणे उफणतो, तसंच. भुसा उडतो, दाणा राहतो. इथं वाऱ्याच्या जागी चुंबक आणि वीज.

तपासणीच्या खोलीबाहेर काचेजवळ सुभीनं मला चार बशा दाखवल्या. एकाच वाळूतून निवडलेले चार ढीग. एक काळा, एक तांबडा, एक पांढरा आणि एक मधाच्या रंगाचा.

"ह्या मधाच्या रंगात थोरियम हाय," ती म्हणाली. "ह्यात दुसरं काय मिसळलं का, ते मी बघते. मी हो म्हणल्यावरच तो बाहेरचा ट्रक निघंल."

"हे पेटवून वीज करतेत?"

"एकटं पेटत न्हाई ते. आबा, दुधाचं दही कशानं होते?"

"इरजणानं."

"थोरियम म्हंजी दूध. तसंच ठिवलं तर ते काही दही व्हत न्हाई. भट्टीत त्याला युरेनियमचं इरजण लागते. दोन्ही शेजारी ऱ्हायले की थोरियम हळूहळू पालटते आन् मंग तेच इंधन होते. त्यातलं थोडं काढून पुढच्या दुधाला लावायचं. आपल्या देशात युरेनियम थोडं हाय आन् ही वाळू लई हाय. म्हणून ही समदी खटपट."

"मंग साखऱ्याला लाईट काहून जाते?"

ती हसली. "अजून लागलं न्हाई न दही. थोडं थोडं लावून बघून राहिलेत. येळ लागंल."

"किती?"

"मी म्हातारी व्हईस्तोवर, बहुतेक."

"आन् तू एवढ्या लवकर येऊन इथं काय करून राहिली?"

"दूध तापवायला कोणीतरी आधी उठावं लागते न, आबा."

असं उत्तर तिची आई द्यायची, पण आईचं चुलीपाशीच राहायचं.

दर्शन झालं, मी निघालो. फाटकावर एक शिपाई हातात एक यंत्र घेऊन उभा असतो, कारखान्यातून वाळू बाहेर जाऊ नये म्हणून. त्यानं यंत्र माझ्या पिशवीवर फिरवलं, गप्प. डोक्यावर फिरवलं, गप्प. खांद्यावरच्या घोंगडीपाशी नेलं आणि ते टिकटिक करून राहिलं, रातकिड्यासारखं.

"सँड!" शिपाई ओरडला. "सँड ले जाता है!"

"मी काय वाळू चोरायला आलो का रे?" मी मराठीतच म्हणलं. राग मराठीतच येतो. "तुह्या समुद्राला काय कमी पडली?"

त्यानं घोंगडीला हात घातला. मी ओढली. त्यानं ओढली. तो जवान, पण घोंगडी ओढायची सवय माझी. मी म्हणलं, "मला ठिवा इथं पायजे तर. घोंगडी सोडणार न्हाई." दुसरा शिपाई धावत आला. मोठे साहेब आले. शेवटी सुभीला बोलावलं.

तिनं यंत्र घोंगडीवर धरलं, मग माझ्याकडं पाहिलं. "आबा, काल कुठं झोपलात?"

"समुद्राकडं."

"घोंगडीवर?"

"मंग काय पाटावर झोपू?"

ती तिथंच फाटकात बसून हसली. पोट धरून हसली. आई गेल्यापासून तिला असं हसताना मी पहिल्यांदा पाहत होतो, म्हणून मला शिपायाचा राग राहिला नाही. लोकरीत रातभर वाळू भरली होती. साहेबही हसले, पण म्हणाले, कायदा तो कायदा. वाळू काढा आणि मग घोंगडी न्या.

अंगणात बदामाच्या झाडाखाली साहेबांनी पांढरी चादर अंथरून दिली. दोघांनी नाकाला फडकी बांधली, शिपायानं आपला केसांचा कंगवा दिला, आणि बापलेक घोंगडी झाडायला बसलो. ती एका अंगानं, मी दुसऱ्या अंगानं.

मी विचारलं, "ही वाळू खरंच काही करत न्हाई का?"

"धूळ नाकात जाऊ द्यायची न्हाई, आन् खूप साठवून उशाला घ्यायची न्हाई. म्हणून फडकं, म्हणून हा छातीवरचा बिल्ला. किती लागलं ते बिल्ल्यात समजते. भ्या येगळं आन् काळजी येगळी, आबा."

"लांडगा हाय म्हणून कोणी मेंढरं इकत न्हाई," मी म्हणलं. "कुत्रं ठिवतेत."

"तेच ते."

मग ती खाली मान घालून म्हणाली, "तुमी मला न्यायला आलात न? हरबाकाकाचा फोन आला हुता."

मी कंगव्यातली वाळू झटकत राहिलो.

"शनिवारी कोणाला कायम करायचं त्याची ऑर्डर निघणार हाय. तुमाला न्यायचंच असंल तर मी आजच साहेबाला सांगते, माझ्या जागी दुसऱ्याचा नंबर लागंल. मी येईन. पण तोंडानं म्हणा, आबा. गप बसून नेऊ नका."

मी तिच्याकडं पाहू शकलो नाही, तिच्या हातांकडं पाहिलं. ती बोलत होती आणि तिची बोटं आपोआप चादरीवरची वाळू निवडून राहिली होती. काळे कण इकडं, मधाचे कण तिकडं, बोटाच्या एका टोकानं. तिला ते ठाऊकही नव्हतं. काम असं बोटात गेलेलं मी ओळखतो. माझ्या बोटात लोकर गेली आहे. बोटात गेलेलं काम सोडवायचं तर बोटंच तोडावी लागतात. आणि पुसेगावच्या घरात कोण तिला वाळू निवडायला देणार होतं?

"न्यायलाच आलो हुतो," मी म्हणलं. "आता न्हाई नेत. शनिवारी काय निघते ते बघून मी माझा जातो."

तिनं माझ्या हातातला कंगवा घेतला. "हा कोपरा ऱ्हायला तुमचा," म्हणाली आणि तो कोपरा तिनं कितीतरी वेळ विंचरला. शिपायानं यंत्र फिरवलं तेव्हा घोंगडी अगदी मुकी झाली होती.

शनिवार

फाटकासमोर चहाची टपरी आहे. मी सकाळपासून तिथं बसलो. अम्मा माशाची पाटी घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली. तिला कुणी काय सांगितलं होतं माहीत नाही, पण पाटीतला एक मोठा मासा तिनं केळीच्या पानात गुंडाळून बाजूला ठेवला होता. गिऱ्हाईक आलं तर त्याला हात लावू देईना.

गाभण मेंढ्या रानात आणि आभाळ भरून आलं की मी जशी उठबस करतो, तशी माझी चालली होती. माझ्यामुळं तिनं काही सांगितलं तर नसेल? मी उशिरा तर नाही बोललो? आणि तिथं दुसरी पोरं पण होती, चांगली शिकलेली, तिथलीच.

ती बाहेर आली. पळत नाही, हसत नाही, रोजच्यासारखी चालत. मी पुढं झालो.

"काय झालं?"

"कायम."

"म्हंजी?"

"म्हंजी आता कोणी काढू शकत न्हाई, आबा. तुमी पण न्हाई."

मला पुढचं नीट आठवत नाही. रानात पांगलेली मेंढरं एका जागी आणायला आम्ही जी हाळी देतो, ती माझ्या तोंडातून निघाली. एक टेकडी ओलांडून जाणारी हाळी आहे ती. गल्लीतली सगळी कुत्री भुंकायला लागली. झाडावरचे कावळे उडाले. चहावाल्याच्या हातातला पेला पडला. शिपाई यंत्र घेऊन बाहेर धावत आला, म्हाताऱ्यानं पुन्हा काय आणलं ते बघायला. आणि अम्मानं काय करावं? तिनं पाटी खाली ठेवली, छाती भरून घेतली आणि होडीवाल्यांची हाळी मला उत्तर म्हणून दिली. मी पुन्हा दिली, तिनं पुन्हा दिली. भर रस्त्यात दोन म्हातारी माणसं एकमेकांवर ओरडत होती आणि माझी पोरगी ओढणीत तोंड लपवून उभी होती.

"बस करा, आबा," ती म्हणाली. "माझी नोकरी आजच जाईल."

"कशी जाईल? कायम हाय न!"

पानातला मासा त्या दिवशी खाल्ला. त्याच्यावर मी गावचा ठेचा लावला. अम्मानं खाल्ला, डोळ्यातून पाणी काढलं आणि आणखी मागितला.

निघताना मी घोंगडी सुभीपुढं केली. "तुह्या आईचं सूत हाय. ठिव."

"आबा, ह्या उकाड्यात घोंगडी घेऊन मी काय करू? इथं भिताडांना घाम येते. न्या, थंडीत पांघरा." मला हे बोलणं आवडलं. रडारड करणारी पोरगी असती तर मला तिची काळजी लागली असती.

कनेरगाव नाका

हरबाला मी फोनवर एवढंच म्हणलो होतो, येऊन राहिलो. सिकंदराबादेत एक ट्रकवाला भेटला, वाशीमकडं नारळ घेऊन चालला होता. त्याला मराठी येत नव्हती पण गोष्टी ऐकायची हौस होती, म्हणून त्यानं मला पुढं बसवलं. त्याचा मुक्काम कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर, तेव्हा हरबाला तिथंच बोलावलं.

कनेरगावला उतरलो तर हरबा उभा. जीप धुऊन आणलेली. आत त्याची बायको, मांडीवर ताट, ताटात हळदकुंकू आणि खण. पोरीची ओटी नाक्यावरच भरायची तयारी.

मी उतरलो. माझ्यामागं कोणी उतरलं नाही.

"सुभी मागं बसली का?" हरबानं विचारलं.

"मागं नारळ हायेत."

"दादा, मस्करी नको. पोरगी कुठं हाय?"

"कामावर."

त्यानं डोक्याची टोपी काढून पुन्हा घातली. "तू आणायला गेला हुता!"

"व्हय. आन् बघून आलो. ती कायम झाली, हरबा. तिनं हो म्हणल्याबिगर तिथला माल हलत न्हाई. मी माझ्या डोळ्यानं ट्रक उभा पाहिला अन् तिनं बघितल्यावर गेलेला पाहिला."

"आन् मारोतरावाला काय सांगू मी? तू शब्द दिला हुता. बिरादरीत तोंड दाखवायची सोय ऱ्हायली न्हाई."

"तू काहून सांगशील? शब्द म्या दिला, म्याच सांगीन."

हरबाची बायको ताट बाजूला ठेवून म्हणाली, "भाऊजी, ती बरी तर हाय न? खाणंपिणं?"

"लाल भात खाते. जाड झाली थोडी."

"मंग बरं हाय," ती म्हणाली, आणि ताटातला खण घडी घालून कमरेला खोचला. ट्रकवाल्यानं खाली उतरून तिच्या ताटात एक नारळ ठेवला. हरबानं घरापर्यंत जीप खड्ड्याखड्ड्यात आदळत नेली. मी मात्र खिडकीतून रान पाहत आलो. इतकं मोकळं, इतकं उघडं. नजर देवळापर्यंत जात होती.

पुसेगाव

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुसेगावला गेलो. पायीच गेलो, म्हणजे बोलणं जुळवायला वेळ मिळतो.

आमच्यात रीत अशी, की सोयरीक मोडायला आलेल्या माणसानं ओट्यावर चढायचं नाही, पायातल्या वहाणा काढायच्या नाहीत आणि त्या घरचं पाणी प्यायचं नाही. खाली उभं राहून सांगायचं आणि निघायचं. मी ओट्याखाली वहाणांसकट उभा राहिलो तेव्हाच मारोतरावांना कळलं. ते ओट्यावर घोंगडी टाकून दात घासत बसले होते. त्यांनी चूळ भरली, सावकाश.

"म्हंजी पोरगी आली न्हाई."

"न्हाई. आन् येणार न्हाई. शब्द दिला तवा मला म्हाईत नव्हतं ती काय करून राहिली. आता म्हाईत झालं. शब्द मोडला तो मी मोडला, भाऊकीत बसवून मला काय बोलायचं ते बोला. पोरीला कोणी बोलायचं न्हाई."

"वीज करून राहिली म्हणे तुमची पोरगी," मारोतराव म्हणाले. "ती वीज कवा येईल तवा येईल. पोरीच्या जातीनं घरी असावं."

"तुमच्या घरी समद्या घरीच हायेत, मारोतराव. काल विहिरीवरची मोटार चालली का?"

दावणीपाशी शेण भरणारा त्यांचा गडी फिसकन हसला आणि पाटीआड गेला. मारोतराव उठून उभे राहिले. त्यांच्या तोंडाला शिवी आली होती, ती मला दिसत होती, आणि मी ती घ्यायला उभाच होतो. माझं काम झालं होतं. मी वळलो.

"थांबा, भाऊ."

मारोतरावांची बायको दारात आली होती. पदर सावरत, चौकटीला धरून. "आमची शीला यंदा बारावीला हाय. सायन्सला. तिथं कशा लागतेत पोरी? काय परीक्षा असते?"

"तू आतमंदी जा," मारोतराव म्हणाले.

"जाते. मंग तुमी इचारा."

मारोतरावांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आतून भांडं सरकल्याचा आवाज आला, कोणीतरी दाराआड उभं होतं. मारोतराव खाली बसले, आणि घोंगडीवर थोडे बाजूला सरकले.

"इचारून राहिली ती," ते म्हणाले. "सांगा."

मी वहाणा काढल्या आणि ओट्यावर चढलो.